लाल टेपची भिंत

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला, शर्ट खराब झाला, तर माझ्या नावाने ओरडू नका. कारण जे सांगणार आहे तो माझाच मूर्खपणा आहे, आणि तो मी अगदी शांतपणे, विचारपूर्वक, पट्टी लावून केलेला आहे. घाईत केलेली चूक माणूस विसरून जातो हो. मी केली ती सावकाश केली!

आमचं घर चिखलोलीला. स्टेशन होणार, स्टेशन होणार म्हणून घेतलेलं. एक बेडरूम, एक किचन आणि हॉल. पण हॉल म्हणजे काय हॉल! बिल्डर बहुतेक मधली भिंत घालायला विसरला असावा. या टोकाला मुख्य दार, त्या टोकाला गॅलरी आणि तिची मोठी खिडकी, आणि मधे इतकी जागा की पाहुणा दारातून सोफ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या घरच्या सगळ्यांची तब्येत विचारून होते.

या हॉलचा मला अभिमान होता. निखिलचं लग्न ठरायची वेळ येईपर्यंत.

निखिल म्हणजे आमचा मुलगा. त्याला बदलापूर गावातली मुलगी सांगून आली, श्रुती. मुलगी हुशार, बोलकी, पसंती दोन्हीकडून झाली. तिच्या घरात शब्द चालतो तो आप्पांचा. आप्पा म्हणजे श्रुतीचे थोरले काका. ते आणि श्रुतीचे वडील रमेशराव, दोघे भाऊ एका घरात, एका चुलीवर. गावात लोक कौतुकाने सांगतात.

आप्पांनी दोनच अटी घातल्या. मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "आमाला देणंघेणं काय नाय. एक, पोरीला तिची सोताची खोली पायजे. दोन, घर एकत्र पायजे. आमची पोर एकत्र घरात वाढलीय. फुटलेल्या घरात ती जाणार नाय."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "घर एकत्रच आहे. आणि खोली? खोली आहे असं समजा!"

घरी येताना रिक्षात बायकोने, सुनंदाने, विचारलं, "कुठली खोली आहे असं समजायचं?"

सुनंदा बेडरूम द्यायला तयार होती. पण मग आम्ही दोघं त्या मैदानात झोपणार, आणि नवी सून सकाळी उठून आम्हाला ओलांडून किचनमध्ये जाणार? छे! मी जाहीर केलं, "हॉलचे दोन भाग करू. मधे भिंत घातली की गॅलरीकडची खोली मुलांची. तरी आपला हॉल राहतोच."

"मग सुताराला बोलवा," सुनंदा म्हणाली.

बस, एवढं साधं होतं. सुताराला बोलवायचं. पण मी पडलो अंबरनाथच्या कारखान्यातला, तोही इन्स्पेक्शन खात्यातला. आमच्याकडे कुठलीही वस्तू आधी ट्रायलला जाते. ट्रायल पास झाली की मगच काम. घरात मिक्सर आणला तरी मी आधी पाण्यावर चालवून बघतो.

उल्हासनगरच्या प्लायवूडच्या दुकानात गेलो. सिंधी शेठने दहा प्रकार काढून दाखवले आणि म्हणाला, "प्लाय लगाओ, जिप्सम लगाओ, ऊपर से काच लगाओ, आपकी मर्जी. लेकिन साईं, एक बार ठुक गया तो ठुक गया. बाद में मेरे को मत बोलना."

ठुक गया तो ठुक गया! हे वाक्य माझ्या डोक्यात असं घुसलं की मी प्लाय घेतलंच नाही. शेजारच्या दुकानातून लाल चिकटपट्टीचं रीळ घेतलं आणि घरी आलो.

आणि हॉलच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीवर लाल टेप मारली. शोकेसजवळ दाराएवढी जागा सोडली. निखिलचा दिवाण खिडकीकडे, टीव्ही, खुर्च्या आणि माझं लिहायचं टेबल अलीकडे. मग दोघांना उभं करून सांगितलं, "आजपासून इथे भिंत आहे असं समजायचं."

"किती दिवस?" निखिलने विचारलं.

"आज सोमवार. रविवारपर्यंत. सगळं नीट जमलं की सुतार."

नियम सोपे होते. टेपवरून पाय टाकायचा नाही, दारातूनच जायचं. जाताना दार वाजवायचं. आता दारच नाही तर वाजवणार काय? म्हणून तोंडाने "टक टक" म्हणायचं, आतून "या" आलं की मगच पाऊल टाकायचं. जो भिंतीतून आरपार जाईल त्याने रात्रीची भांडी घासायची.

पहिल्या दिवशी भांडी मी घासली. दुसऱ्या दिवशीही मीच.

"बाबा, तुमच्याने होत नाहीये," निखिल म्हणाला.

"म्हणूनच ट्रायल असते," मी म्हणालो. तेव्हापासून मी अशी सवय लावून घेतली की पाय आपोआप शोकेसकडे वळायला लागले.

मग भानगड निघाली ती नजरेची. किचनमधून येताना सुनंदा टेपपलीकडे बघून म्हणाली, "निखिल, चादर लोळतेय बघ खाली."

"तुला कशी दिसली?" मी विचारलं.

"डोळ्यांनी!"

"भिंतीतून?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की खरी भिंत असती तर बरं झालं असतं असं मलाच वाटलं.

तरी मी मागे हटलो नाही. मधे भिंत म्हटल्यावर आवाजही नीट जाणार नाही, तेव्हा पलीकडच्याशी बोलायचं असेल तर फोन करायचा, असा नियम वाढवला. झालं! मायलेक एकाच घरात, एकमेकांना दिसत असताना, फोनवर बोलायला लागले. "जेवायला ये." "दोन मिनिटांत येतो." मी मधे खुर्चीवर बसून समाधानाने मान हलवायचो. रोज झोपण्याआधी रोजनिशीत लिहायचो, "आज भिंतीचा कोणालाही त्रास नाही. वारा उत्तम. उजेड भरपूर."

हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. पण आप्पांची एक रीत, जी मला नंतर कळली. सोयरिकीचं घर बघायला ते सांगितलेल्या दिवशी कधीच जात नाहीत. आदल्या दिवशी जातात. त्यांचं म्हणणं, सांगून गेलं की घर आवरलेलं दिसतं आणि माणसंही आवरलेली दिसतात.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर आप्पा आणि रमेशराव! आप्पांच्या हातात पपई.

"या, या!" मी म्हणालो.

आता चित्र बघा. निखिल टेपपलीकडे दिवाणावर, पाठ आमच्याकडे, कानाला फोन. सुनंदा किचनमध्ये, तिच्याही कानाला फोन. कुकरच्या शिट्टीत तिला बेल ऐकूच गेली नाही. आणि पाहुणे दारात उभे असताना दोन्ही बाजूंनी ऐकू आलं ते असं:

किचनमधून सुनंदा, "मला कंटाळा आलाय रे त्यांच्या या भिंतीचा! जेवायचं तर इकडे ये, नाहीतर राहा तिकडेच उपाशी!"

दिवाणावरून निखिल, "आई, मी आता पलीकडे येणार नाही. बाबांनी जे ठरवलंय ते होऊन जाऊ दे एकदाचं!"

रमेशरावांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे. मी? मी हसत होतो! ट्रायल किती मनापासून चाललीय, या आनंदात.

आप्पा मोठ्या मनाचे. काही ऐकलंच नाही असं दाखवून, "काय निखिलराव!" म्हणत सरळ दिवाणाकडे निघाले. सरळ म्हणजे थेट टेपवरून!

आणि माझ्या तोंडून आरोळी निघाली, "अहो आप्पा, थांबा! तिथून नका! दारातून या!"

आप्पांचा एक पाय हवेत. त्यांनी मागे वळून आमच्या मुख्य दाराकडे बघितलं. "दारातनंच आलो ना मी?"

"ते नाही हो, हे दार," मी शोकेसशेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

खाली साप दिसावा तसा आप्पांनी पाय मागे घेतला आणि अलीकडच्या खुर्चीवर बसले. पपई मांडीवरच. एव्हाना सुनंदा बाहेर येऊन गडबडली, पदर सारखा करत पुन्हा आत पाणी आणायला पळाली. निखिल उठला, शोकेसला वळसा घालून आला, पाया पडला आणि जीभ चावत आईच्या मदतीला आत गेला.

आप्पांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून, आजाऱ्याला विचारतात तसं विचारलं, "कधीपासून झाला हे?"

मला वाटलं, श्रुतीकडून त्यांना सगळं कळलेलंच असणार. मी उत्साहाने म्हणालो, "सोमवारपासून!"

"आणि पोरगा त्या बाजूला?"

"हो, तो तिकडे, आम्ही इकडे. उद्या शेवटचा दिवस. सगळ्यांना सवय झाली की कायमची भिंत घालून टाकतो!"

"बाईंचा काय म्हणणा?"

"ती आधी कुरकुरली. पण किचन आमच्याच बाजूला येतंय ना, मग काय!"

रमेशरावांचा चेहरा उतरला. "पण असं... एकदम तोडायचं म्हणजे... पोराला नाही वाईट वाटत?"

"छे हो! त्यालाच घाई झालीय!"

दोघे भाऊ एकदमच उठले. सुनंदा पाणी घेऊन आली तर ते चपला घालत होते.

"अहो, चहा टाकलाय," ती म्हणाली.

"नको वहिनी, परत कधीतरी." आणि आप्पा पपई हातात घेऊन निघून गेले. आणलेली पपई परत घेऊन!

सुनंदाने दार लावलं आणि तिथेच टेकली. "चहा न घेता गेले."

"कामं असतील. पण छाप चांगली पडली," मी म्हणालो.

"पपई परत नेली!"

"विसरले असतील गं."

तासाभरात रमेशरावांचा फोन. आवाज पडलेला. "माफ करा हं. आप्पा म्हणतात, जिथे बापलेकांत रेघ ओढली गेलीय, तिथे आमची पोरगी द्यायची नाही."

मी हबकलो. रेघ? बापलेकांत? निखिल पलीकडून धावत आला. टेपवरून, थेट! भांड्यांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

"बाबा, तुम्ही त्यांच्याशी काय बोललात? शब्दन् शब्द सांगा."

बोललेलं लक्षात ठेवायची मला सवय आहे. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता माझेच कान गरम व्हायला लागले. सोमवारपासून. तो तिकडे, आम्ही इकडे. कायमची भिंत. त्यालाच घाई झालीय. अरे देवा! हे मी बोललो? हसत हसत?

निखिल दिवाणावर मटकन बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा तो चेहरा बघून मी चपला चढवल्या.

"फोन करा ना," सुनंदा म्हणाली.

"फोनवर नाही समजणार. हे दाखवावं लागेल." आणि जाता जाता, माझ्यातल्या इन्स्पेक्शनवाल्याने टेबलावरचं लाल टेपचं रीळ उचलून खिशात टाकलं.

तिथेच मला कोणीतरी धरायला हवं होतं!

बदलापूर गावात रिक्षातून उतरलो. त्यांची बैठकीची खोली आमच्या हॉलच्या तोंडात मारेल अशी. आप्पा झोपाळ्यावर, शेजारी त्यांची बायको, श्रुतीच्या मोठ्या काकू. समोर बाकावर रमेशराव आणि श्रुतीची आई. कोणी "बसा" म्हणालं नाही.

"आप्पा, गैरसमज झालाय," मी सुरुवात केली. "ती भिंत मी प्रेमापोटी घालतोय."

"भिंत प्रेमापोटी?" आप्पांनी झोपाळा थांबवला. "म्हातारा झालो मी, पण असा भिंत घालणारा नाय बघितला कधी."

"खोलीसाठी हो! श्रुतीच्या खोलीसाठी! थांबा, दाखवतोच."

आणि मी खाली वाकलो. बोलत बोलत, गुडघ्यांवर रांगत, त्यांच्या बैठकीच्या मधोमध लाल टेप मारत गेलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका कडेला दाराची जागा सोडली. घामाघूम होऊन उठलो. पलीकडे आप्पा आणि काकू होत्या, अलीकडे मी, रमेशराव आणि त्यांची बायको.

"हं. आता आप्पा, तुम्ही त्या बाजूचे. रमेशराव, तुम्ही या बाजूचे. एकमेकांकडे जायचं नाही, थेट बोलायचं नाही. बघा, जमतं की नाही!"

मोठ्या काकूंनी गळा काढला, "अगो बाय! सोताचा घर फोडला आनि आता आमचा फोडाया आलाय हा मानूस!"

श्रुतीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. खिडकीत शेजारीण उगवली. "काय झाला वो काकू? वाटणी?" तिच्या मागून दुसरी. पाच मिनिटांत त्यांचा कोणी चुलतभाऊ धावत दारात हजर. "आप्पा! वाटणी केलीस ती केलीस, निदान सांगायचास तरी! मागची आंब्याची झाडं कोणाच्या वाट्याला गेली?"

मला दरदरून घाम फुटला. सोयरीक जोडायला आलेला मी, या गावातलं एकुलतं एक न फुटलेलं घर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडून बसलो होतो. टेप काढायला वाकलो तर ती हाताला चिकटली, सदऱ्याला चिकटली, जमिनीची सुटेना.

"राहू द्या हो, काका."

आतल्या खोलीतून श्रुती बाहेर आली होती. तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होती. चालत आली ती सरळ टेपवरून, खुशाल भिंत ओलांडून, आणि आप्पांसमोर उभी राहिली. "आप्पा, त्यांच्या घरात कोणाचं भांडण नाही. माझ्यासाठी खोली करतायत. कशी होईल ते बघायला आधी अशी टेप लावलीय. आठवडाभर बिचारे सगळे भिंत आहे असं समजून राहतायत."

"तुला काय माहीत?" आप्पांनी विचारलं.

"निखिल रोज सांगतो ना."

"रोज?"

श्रुतीने जीभ चावली. पण आता काय, तीर सुटला होता. "व्हिडिओ कॉलवर. तुम्हाला आवडणार नाही म्हणून मी घरात बोलले नव्हते."

आता हबकायची पाळी आप्पांची. ते एकदा पुतणीकडे, एकदा टेपकडे बघत राहिले. झोपाळ्याची कडी करकरली. आणि मग हा माणूस हसायला लागला! आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट धरून. खिडकीतल्या बायका हसल्या. आंब्यांची चौकशी करणारा चुलतभाऊ सुद्धा हसला, जरा नाइलाजाने.

माझ्या जिवात जीव आला. मी घाम पुसला आणि म्हणालो, "बघा, ट्रायलमध्ये एकही चूक सापडत नाही. जाणं-येणं, आवाज, सगळं तपासलंय मी!"

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू?" श्रुती म्हणाली. "व्हिडिओवर मी ती बाजू रोज बघते. खिडकी सगळी पलीकडे, माझ्या खोलीत. गॅलरीही तिकडेच. मग खरी भिंत उभी राहिली की तुमच्या बाजूला उजेड कुठून येणार?"

मला माझी रोजनिशी आठवली.

अहो, मी माणसं अडवली, नजर अडवली, आवाज अडवला. बायकोची भिंतीतून बघितलं म्हणून चौकशी केली. आणि खिडकीतला उजेड रोज सकाळी त्या टेपवरून बिनदिक्कत चालत माझ्या टेबलावर येत होता, टक टक सुद्धा न म्हणता, आणि त्याच उजेडात बसून मी लिहीत होतो, "उजेड भरपूर!" भिंत ठोकली असती तर मी भरदुपारी ट्यूब लावून, वाऱ्याविना, कुकरच्या वाफेत बसलो असतो. माझ्या स्वतःच्या हाताने पास केलेल्या अंधारात!

"वरच्या अर्ध्या भागाला काच लावा," श्रुती म्हणाली. "दुधी काच. उजेडही येईल आणि..." पुढचं तिने गिळलं.

काच! उल्हासनगरचा शेठ पहिल्याच दिवशी बोलला होता. मी लक्ष ठुक गयाकडे दिलं.

"पोरीला कळतंय," आप्पा म्हणाले. "द्यायला हरकत नाय. नायतर ही माणसं अंधारात राहतील." मग आत बघून ओरडले, "चहा आणा गो! आनि ती पपई पण कापा!"

माझी पपई! मला भरूनच आलं.

चहा आला, बशीत पपईच्या फोडी आल्या. आप्पांनी झोपाळ्यावर सरकून जागा केली आणि म्हणाले, "या, इथं बसा माझ्या बाजूला."

मी रमेशरावांच्या बाजूला उभा होतो. झोपाळा समोरच, चार पावलांवर. मी आनंदाने निघालो. खाली ती लाल टेप अजून तशीच होती.

देवाशपथ सांगतो, मला कळलंच नाही. पाय आपोआप वळले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी कडेकडेने भिंतीपर्यंत गेलो, सोडलेल्या दाराच्या जागेसमोर नीट उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "टक टक."

आप्पांनी कपाळावर हात मारला.

"अहो व्याही, सरळ या! इथं कुठाय भिंत?"

व्याही! पहिल्यांदा म्हणाले! लग्न ठरलं होतं, मला आनंदाने नाचायला हवं होतं.

पण मी अजून तिथेच उभा होतो. आतून कोणी "या" म्हणायची वाट बघत.